शब्दचर्चा: सीपीडीला मराठीत काय म्हणायचं? (एक्सरे, स्कॅन, रेडिएशनवाल्यांसाठी)

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एक्सरे, सीटी, एमआरआय आणि रेडिएशन विभागात काम करणाऱ्या पोरापोरींसाठी एक माहितीपत्रक करायचं चाललंय, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. विषय सीपीडी (कंटिन्युइंग प्रोफेशनल डेव्हलपमेंट), म्हणजे डिप्लोमा नाहीतर बीएस्सी होऊन नोकरीला लागल्यावरसुद्धा जे शिकत राहायचं असतं आणि बऱ्याच देशांत ज्याच्याशिवाय रजिस्ट्रेशन टिकत नाही ते. 'सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास' असा शब्द सापडला, खरं तो वाचून कुणाला काही कळेल असं वाटत नाही. तुम्ही काय म्हणाल?

खानापूर फाटा
चूक नाही तो शब्द. अडचण 'व्यावसायिक'ची आहे, ते ऐकलं की आपल्याकडं पहिल्यांदा धंदाच आठवतो, व्यावसायिक गाळे, व्यावसायिक सिलिंडर. पुढं 'विकास' लागला की सेंटर कसं वाढवायचं याची माहिती असणार असंच वाटतं. मी शाळेत आहे, आमच्यात 'सेवांतर्गत प्रशिक्षण' म्हणतात, तो रुळलेला शब्द आहे. चालेल काय बघा.

डार्करूम
सेवांतर्गत नको सर. त्यात देणारा वरचा असतो, तारीख तोच ठरवतो, आपण जाऊन बसायचं आणि हजेरीची सही करायची. आमची बरीच पोरं लहान सेंटरमधनं एकटी काम करतात, तिथं प्रशिक्षण देणार कोण? सीपीडीत जबाबदारी ज्याची त्याची असते, हेच तर त्यातलं मुख्य.

आणि 'विकास'बद्दल माझं वेगळं म्हणणं आहे. विकास म्हटलं की भर पडत जाते असं वाटतं, आमच्या कामात सोडून द्यायलाही शिकावं लागतं. किरणांपासून बचाव म्हणून पेशंटच्या ओटीपोटावर शिशाचा तुकडा ठेवायचाच असं आम्हाला शिकवलं होतं आणि वर्षानुवर्षं सगळे ठेवत आले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्ट लोकांच्या संघटनेनं, एएपीएमनं, सांगितलं की हे रोजचं म्हणून ठेवणं बंद करा, कारण फायदा नगण्य, उलट ते शिसं बघायच्या भागावर आलं तर फोटो परत काढावा लागतो आणि किती किरण सोडायचे ते आपोआप ठरवणाऱ्या सेन्सरवर आलं तर मशीन डोस वाढवतं. आता हे ज्याला माहीतच नाही तो मनापासून, पेशंटच्या काळजीपोटी, जुनंच करत राहणार.

दुसरं फिल्मचं. फिल्म होती तेव्हा एक्सपोजर जास्त झालं की फिल्म काळी यायची, चूक हातात दिसायची. डिजिटल आल्यावर सॉफ्टवेअर उजेड सारखा करून देतं, डोस जास्त गेला तरी फोटो छानच दिसतो, उलट कमी डोसचा फोटो खरखरीत दिसतो म्हणून माणूस नकळत एमएएस, म्हणजे किती किरण सोडायचे ते ठरवणारा मशीनवरचा आकडा, वाढवत जातो. डोस क्रीप म्हणतात याला. त्यावर इलाज म्हणजे प्रत्येक फोटोबरोबर येणारा एक्सपोजर इंडेक्सचा, म्हणजे डिटेक्टरवर किती किरण पोचले ते सांगणारा, आकडा बघायचा, आणि तो कसा वाचायचा हे फिल्मवर शिकलेल्याला कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून तुमच्या शब्दात 'शिकणं' पाहिजेच, 'विकास' नसला तरी चालेल.

लिनॅक
काकांचं पटलं. मी रेडिओथेरपीत, म्हणजे किरणांनी कॅन्सरवर उपचार करतात तिथं आहे, आमच्याकडं जुन्या कोबाल्ट मशीनवर शिकलेले लोक आता लिनॅक हे नवं मशीन चालवतात, त्याच मशीनवर कोनबीम सीटी हा स्कॅन घेऊन रोज पेशंटची पोझिशन मिलिमीटरमध्ये जुळवतात. पेशंट मात्र अजून 'करंट दिला', 'शेक दिला' असंच म्हणतात, आम्हीपण त्यांच्याशी तसंच बोलतो.

खरं शिकणं एवढ्यावर सीपीडी संपत नाही. ऑस्ट्रेलियात तीन वर्षांत ६० तास लागतात, अमेरिकेत एआरआरटी या रजिस्ट्रेशन देणाऱ्या संस्थेचे दोन वर्षांत २४ क्रेडिट. इंग्लंडमध्ये तर तासच ठरवलेले नाहीत, दर दोन वर्षांनी रजिस्ट्रेशन नवं करताना एचसीपीसी ही तिथली रजिस्ट्रेशनची संस्था २.५ टक्के लोक निवडते आणि त्यांना विचारते की काय शिकलात, त्यानं तुमच्या कामात काय फरक पडला, पेशंटला काय फायदा झाला, लिहून दाखवा. म्हणजे नुसतं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही. आमच्या पोरी विचारायलेत, अक्का सीएमईला (व्याख्यानांच्या कार्यक्रमाला) जाऊन आलो, झालं की? तर नाही झालं. रिजेक्ट झालेले एक्सरे महिनाभर मोजून कारणं शोधली, जोडीदारानं लावलेली पेशंटची पोझिशन तपासली, एक पेपर वाचून चौघात बोललो, हेसुद्धा सीपीडीच. फक्त लिहून ठेवलं पाहिजे. तेव्हा शब्दात 'नोंद' आली तर बरं.

खानापूर फाटा
मग 'निरंतर शिक्षण'? 'उजळणी वर्ग' पण आहे, त्यात मात्र जुनंच परत घोकल्यासारखं वाटतं, काकांनी सांगितलेलं सोडून द्यायचं त्यात बसत नाही.

टिळकवाडीकर
निरंतर शिक्षण म्हटलं की जुन्या लोकांना प्रौढ साक्षरतेचे रात्रीचे वर्ग आठवतात, तेवढी एकच शंका. बाकी शब्द सोपा आहे.

घटप्रभा
कन्नड बाजू मी बघायलोय म्हणून सांगतो. कन्नडमध्ये 'निरंतर वृत्तिपर अभिवृद्धी' असं होतं. आमच्यात वृत्ती म्हणजे पेशा, वृत्तिपर म्हणजे पेशातला, सरळ शब्द आहे. मराठी माणूस मात्र वृत्ती म्हणजे स्वभाव समजणार, म्हणून तो तसाच उचलून मराठीत घालू नका, चिकोडीकडची दोन्ही भाषा बोलणारी पोरंसुद्धा गोंधळतील. 'निरंतर' तेवढा दोन्हीकडं एकाच अर्थाचा आहे.

डार्करूम
मग तोच ठेवा. साक्षरता वर्गाचं आजच्या पोरांना माहीतही नाही. आणि 'व्यावसायिक' काढून 'पेशा' घाला, शिक्षकी पेशा, वकिली पेशा म्हणतोच की आपण. 'पेशातलं निरंतर शिक्षण'. आपल्याला कुणी टेक्निशियन म्हणतं, कुणी नुसतं एक्सरेवाला म्हणतं, २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात रेडिओलॉजी, इमेजिंग आणि थेरपीवाल्यांचा गट प्रोफेशन म्हणून नावानिशी आलाय. मग आपल्या भाषेतही पेशा म्हणा, यात मला कमीजास्त करायचं नाही.

लिनॅक
मला चालेल. 'रिफ्लेक्शन'ला, म्हणजे शिकलेल्याचा कामावर काय परिणाम झाला याचा मागं वळून विचार करणं, त्याला काय? 'चिंतन' लिहिलं तर प्रवचनाचं वाटतं, 'मनन' पण तसंच.

खानापूर फाटा
त्याला नाम कशाला पाहिजे? नोंदीच्या तक्त्यात रकान्यावर प्रश्नच लिहा. 'काय शिकलो', 'कामात काय बदललं', 'पेशंटला काय फरक पडला'. प्रश्न दिसला की माणूस उत्तर लिहितो.

लिनॅक
हे एकदम बरोबर सर. 'काय करायचं सोडलं' हा पण एक रकाना घाला.

टिळकवाडीकर
घातला. वर 'सीपीडी' मोठ्या अक्षरात राहील कारण बोलताना सगळे तेच म्हणणार, खाली 'पेशातलं निरंतर शिक्षण आणि त्याची नोंद', मग चार रकाने. घटप्रभा, तुमच्या बाजूला हे चार प्रश्न बोलीतल्या कन्नडमध्ये करून द्या, छापखान्याला रविवारच्या आत द्यायचंय.

घटप्रभा
शनिवारी देतो. 'पेशंट'ला 'रोगी' लिहू नका तेवढं, तिकडं मी पण पेशंटच ठेवतोय.