मॉडेल रेल्वेच्या लेआउटसारखं दिसणारं खरं गाव सुचवा प्लीज

मंडळी मदत हवी आहे. मी आणि माझा भाचा एन स्केलचा (१:१६०) रेल्वे लेआउट करतोय, नाशिकरोडच्या घरी हॉलमध्ये सहा बाय चारचा प्लाय टाकलाय, रूळ आलेत, इंजिन आलंय, आता अडलंय ते गाव कुठलं करायचं यावर. मनाने रचलेलं नकोय, खऱ्या जागेचंच करायचंय.

शोधता शोधता स्वित्झर्लंडमधलं वासेन सापडलं आणि मी त्याच्या प्रेमातच पडलेय. १८८२ च्या गोट्टहार्ड लाइनवरचं गाव, दरी अरुंद आणि चढ इतका की सरळ रूळ टाकून इंजिन चढलंच नसतं, म्हणून डोंगराच्या पोटात गोल बोगदे काढून लाइन गावाजवळूनच वळवत वळवत वर नेलीये. त्यामुळे दक्षिणेकडे जाताना टेकाडावरचं तेच पांढरं चर्च तीनदा दिसतं, आधी आपल्या वर, मग समोर, मग खाली. मला वाटतं अशी गावं लेआउटसारखी दिसतात ती यामुळेच, एका नजरेत वेगवेगळ्या उंचीवर रूळ दिसतात. छोटी रंगीत घरं काय कुठेही असतात.

तिथलंच ब्रूसिओ पण भारी आहे, नऊ कमानींच्या पुलावरून गाडी गोल फिरून त्याच पुलाच्या कमानीखालून जाते. वळणाची त्रिज्या ७० मीटर, एनमध्ये साधारण ४४ सेमी, म्हणजे अख्खं वळण चार फुटांत बसतं!

पण खरं सांगू, मनातून आपला कसारा-इगतपुरी घाटच करावासा वाटतो. कसाऱ्याला गाडीला बँकर (चढासाठीची जादा इंजिनं) लागले की भाचा खिडकी सोडत नाही. अडचण अशी की चौदा-पंधरा किमीचा घाट एनमध्ये ९० मीटर होतो, आणि १:३७ चा चढ तसाच ठेवला तर एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला जी ५ सेमी उंची लागते तिलाच १८५ सेमी जातात, म्हणजे प्लायची लांबी तिथेच संपली आणि गाडी परत खाली कुठून आणायची? तर घाटाचा कुठला तुकडा उचलू, की भारतातच दुसरं एखादं गाव आहे जिथे स्टेशन, बाजार आणि वळणं सगळं जवळजवळ आहे?

प्रतिसाद:
ताई, कर्सियांग बघा. दार्जिलिंगची दोन फुटी (दोन रुळांमधलं अंतर दोन फूट) गाडी तिथे बाजारातून दुकानांना खेटून जाते. फक्त एनमध्ये करू नका, दोन फूट भागिले १६० म्हणजे ४ मिमीच्या आत, एवढा बारीक रूळ कुठून आणणार. तुमचा ९ मिमीचाच रूळ ठेवा आणि घरं-माणसं १:७६ ची करा, ९ गुणिले ७६ म्हणजे ६८४ मिमी, दोन फुटांच्या बऱ्यापैकी जवळ. इंग्लंडमध्ये याला डबल-ओ-नाइन म्हणतात, चॅसी (चाकं-मोटरचा खालचा सांगाडा) एनची चालते, बॉडी तेवढी वेगळी करावी लागते. १९०७ ची नेरळ-माथेरान लाइनही याच मापात बसेल, तिथला रूळ पण दोन फुटीच.

प्रतिसाद:
घाट सोडू नका हो! पूर्ण घाट कशाला हवाय, नुसता एहेगावचा पूल घ्या, दोन्ही टोकांना बोगदे दाखवा (खरे तिथेच नसले तरी चालतील) आणि मागून लाइन लपवून गोल जोडून टाका. पूल १८२ फूट उंच आहे, एनमध्ये जेमतेम ३५ सेमी. लाइन सपाटच ठेवायची आणि प्लाय कापून दरी खाली उतरवायची, मग चढाचा प्रश्नच येत नाही. आणि सुरुवात करायच्या आधी भाच्याला घेऊन पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून याच, १९९८ पासून आहे, एचओ स्केल (१:८७, एनपेक्षा मोठं) आहे पण डोंगर, पूल, रोपवे एकत्र कसे बसवलेत ते प्रत्यक्ष बघायला मिळेल.

धागाकर्ती:
दोघांनाही मनापासून थँक्यू, दरी खाली कापायचं तर डोक्यातच आलं नव्हतं. भाच्याने एहेगाववर शिक्का मारलाय, पुण्याला या सुट्टीत जातोय. आता पुढचं विचारते, मधोमध एवढा प्लाय कापला तर बाकीचा वाकणार नाही का? खालून लाकडी पट्ट्यांची फ्रेम करायची म्हटलं तर पट्टी किती जाडीची घेऊ, आणि दरीचे उतार थर्माकोलचे करू की जाळीवर प्लास्टर? आपल्याकडच्या पावसाळ्यात काय टिकतं ते कुणी केलं असेल तर सांगा.