इस्ट्रोजेन बंद करून चिनी काढा घ्या म्हणणाऱ्यांना उत्तर

मुग्धा_शांघाय
काल इथे एका ताईंनी लिहिलंय की गर्भाची पिशवी आतून चिकटली असेल तर दुर्बिणीतून सोडवल्यावर हार्मोनच्या (इस्ट्रोजेनच्या) गोळ्या बंद करा, चिनी काढा प्या, परत चिकटत नाही. डोकं फिरलं वाचून. माझं हेच ऑपरेशन शांघायला झालं आणि इथल्या काढा देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पण गोळ्या बंद करू नको म्हणूनच सांगितलं. तांगक्वै, तानशन या चिनी मुळ्या असलेला काढा होता, पण परत चिकटू नये म्हणून पिशवीत ठेवलेला बलून, गोळ्या, मग परत दुर्बीण घालून बघणं हे सगळं चालूच. चीनमधल्या अभ्यासांत पण काढा बहुतेक वेळा इस्ट्रोजेनच्या जोडीलाच असतो, मग गोळ्या सोडा हे कुठून आलं??

रानजाई
गोळ्यांचं एवढं कौतुक नको. माझ्या वहिनीला गोळ्यांनी नुसत्या उलट्या आणि डोकेदुखी, पाळीला डागच. शेंझेनला काढा सुरू केला आणि पाळी नीट आली. चिनी शास्त्रज्ञ थू योयोंना २०१५ चं नोबेल उगीच मिळालं का?

अभय७२
ते मलेरियाच्या औषधाला मिळालं, वनस्पतीतून एक द्रव्य वेगळं काढून तपासून, काढ्याला नाही. १९९० च्या सुमारास बेल्जियममधे वजन कमी करायच्या चिनी औषधात एका मुळीच्या जागी दुसरी गेली आणि कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या, ते पण सांगा की!

सई_नाशिक
सगळे काढ्यावरच भांडताय, पण चिकटतं कशाने? गर्भपातानंतर खरवडून क्युरेटिंग करतात त्याने! जागतिक आरोग्य संघटना कधीची सांगतेय की ते सोडा, व्हॅक्युमने ओढून काढा किंवा गर्भपाताच्या गोळ्या वापरा. माझ्या बहिणीची पिशवी दोनदा साफ केली, चिकटू शकतं हे एका शब्दाने कोणी सांगितलं नाही, नंतर पाळीच गेली.

अभय७२
प्रत्येक केस क्युरेटिंगची नसते, आपल्याकडे टीबीनेही चिकटतं. आणि रक्तस्राव थांबत नसेल तेव्हा डॉक्टरने काय करायचं?

सई_नाशिक
व्हॅक्युम वापरायचं! आणि निदान आधी सांगायचं! तुम्हाला पाळी येत नाही म्हणून बोलणं सोपंय.

अभय७२
हे वैयक्तिक नको. सांगायला हवं होतं, हे मान्य.

रानजाई
मुद्द्यावर या. ऑपरेशननंतर इस्ट्रोजेनने चिकटणं थांबतंच याचा तरी पक्का पुरावा आहे का?

मुग्धा_शांघाय
पक्का नाही, बरं. पण म्हणून डॉक्टरला न विचारता बंद करायच्या नाहीत. आणि काढा घेताय तर त्यात काय आहे ते लिहून घ्या. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर तानशन, तांगक्वै दोन्ही धोक्याचे, रक्तस्राव वाढतो. काही जुन्या नुस्ख्यांत वाळवलेली माणसाची वार (प्लासेंटा) असते, चीनने स्वतः ती २०१५ च्या औषधसंहितेतून काढलीय.

रानजाई
वार?? वहिनीच्या पुड्यांवर सगळं चिनीत आहे. फोटो पाठवते, वाचून सांग. काढ्याने बरं वाटलं हे मात्र मी मागे घेणार नाही.