इन्शुलिन रेझिस्टन्स आधी की पोट आधी?

गवती चहा

वजनाचा विषय निघाला की हल्ली दुसऱ्या वाक्याला कुणीतरी "फास्टिंग इन्शुलिन किती?" विचारतंच, म्हणजे उपाशीपोटी रक्तात इन्शुलिन किती. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेलं आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवलेलं सूत्र सगळ्यांना पाठ झालंय: खाल्लं की इन्शुलिन, सारखं खाल्लं की सारखं इन्शुलिन, मग शरीर त्याला दाद देईनासं होतं (हाच तो रेझिस्टन्स), मग आणखी इन्शुलिन, आणि त्यातून चरबी. म्हणून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत उरका.

दोनदा जेवायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती दिलेल्या कारणाला. इन्शुलिन चढलेलं असताना साठलेली चरबी सहसा सुटत नाही, हे खरं. पण ते जेवणानंतरच्या काही तासांपुरतं. दिवसाचा हिशेब वेगळा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी १९ लठ्ठ माणसांना वॉर्डात ठेवून हा हिशेब मांडला (२०१५). एकदा आहारातले कर्बोदक (कार्ब) कापले, एकदा तेवढ्याच कॅलरींचे तेल-तूप. पहिल्या वेळी इन्शुलिन २२ टक्क्यांनी उतरलं आणि चरबी रोज ५३ ग्रॅम गेली. दुसऱ्या वेळी इन्शुलिन जवळपास जागच्या जागी, आणि चरबी गेली ८९ ग्रॅम!

पोटात आणि लिव्हरमध्ये चरबी साठते म्हणून रेझिस्टन्स येतो. पुढे मधुमेह होतो तो त्याच वाटेने. पण वजनच रेझिस्टन्समुळे वाढलं म्हणणं म्हणजे धुरामुळे आग लागली म्हणण्यासारखं आहे.

खडीसाखर

हॉलसाहेबांचा प्रयोग प्रत्येक आहाराला सहा-सहा दिवसांचा होता, ते का गाळलंत? सहा दिवसांत आमच्याकडे पाहुणेसुद्धा परत जात नाहीत.

मधुमेहाच्या पेशंटला इन्शुलिनची इंजेक्शनं सुरू झाली की वजन वाढतं, हे कुठल्याही फॅमिली डॉक्टरला विचारा. मला पीसीओएस आहे, म्हणजे ओव्हरीचा आणि हार्मोनचा बिघाड. मान काळवंडली (ही रेझिस्टन्सचीच खूण), पाळी लांबली, तरी प्रत्येकाचा सल्ला एकच, "जरा कमी खात जा". इन्शुलिन जास्त असलं की ओव्हरीतून पुरुषी हार्मोन जास्त बनतं, हे मला फार उशिरा कुणीतरी समजावून सांगितलं. दोन जेवणांवर आल्यापासून वजनही उतरलं आणि पाळीही सुधारली. आता धूर कुठला आणि आग कुठली, तुम्हीच सांगा.

गवती चहा

सहा दिवस कमी वाटत असतील तर स्टॅनफर्डचा २०१८चा प्रयोग घ्या. ६०९ माणसं, पूर्ण वर्ष. कमी फॅटवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कार्बवाल्यांचं ६. हा फरक धरण्याजोगा नाही. सुरुवातीला कुणाचं इन्शुलिन किती उसळत होतं, त्यावरून कुणाला कुठला आहार लागू पडेल हेही कळलं नाही.

इंजेक्शनांचं म्हणाल तर, आधी लघवीवाटे वाया जाणारी साखर अंगात राहायला लागते. वर शुगर लो होईल या भीतीने बिस्किटं खिशात. आणि तुमचं वजन उतरलं कारण चारच्या चहाबरोबरची खारी आणि टीव्हीसमोरचं फरसाण बंद झालं.

खडीसाखर

बंद झालं, पण कसं? भूक लागेनाशी झाली म्हणून. कॅलरी मोजत होते तेव्हा रात्री अकराला फ्रिज उघडायचे. भुकेचं उत्तर तुमच्या हिशेबात कुठे आहे?

सोलापूरकर एमडी

खडीसाखर, भूक काढलीत ते बरं झालं. रेझिस्टन्स म्हटलं की सगळे इन्शुलिनवर तुटून पडतात, लेप्टिनचं नावच कुणी घेत नाही.

लेप्टिन चरबीतूनच निघतं आणि साठा किती आहे ते मेंदूला कळवतं. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत त्याचं जनुक सापडलं. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन चुलत भावंडांची माहिती छापली. मुलगी ८ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा २ वर्षांचा, २९ किलो. दोघांच्या अंगात लेप्टिन जवळपास नव्हतंच, भूक भागायचीच नाही. लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर मुलीचं खाणं आणि वजन दोन्ही उतरलं. औषध कंपनीने या शोधाच्या हक्कांसाठी आधीच २ कोटी डॉलर मोजले होते. पण नेहमीच्या लठ्ठ माणसात लेप्टिन भरपूर असतं, मेंदू त्याला जुमानत नाही. तिथं इंजेक्शनांनी फारसं काही साधलं नाही.

वजन उतरलं की लेप्टिन पडतं आणि भूक खवळते. म्हणून ओपीडीत "कमी खा" एवढंच सांगून पेशंटला वाटेला लावणं मला पटत नाही. पण इन्शुलिनवाल्यांनीही एक सांगावं: सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचं आणि वजनाचं औषध इन्शुलिनचा स्राव वाढवतं, तरी ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांनी कसं उतरतं? ते मेंदूतली भूक मारतं म्हणून.

कसबा पेठ

केंब्रिज, स्टॅनफर्ड झालं, आता पुण्यात या. इथल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी आसपासच्या सहा खेड्यांतल्या बायकांची बाळं जन्मापासून मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं हातापायाने काटकुळी, स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी बरीचशी टिकलेली. पुढे पुण्याच्या बाळांची लंडनच्या गोऱ्या बाळांशी तुलना केली, तर नाळेच्या रक्तातलं इन्शुलिनही आपल्याकडेच जास्त निघालं. या बाळांनी फरसाण कधी खाल्लं, गवती चहा?

याज्ञिकांचा आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, साहेबाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांच्या २१.२. आता वजनकाट्यावर कोण लठ्ठ?

गवती चहा

बाळात चरबीही जास्त आणि इन्शुलिनही जास्त. आधी कोण आलं ते त्यावरून ठरत नाही. मी चरबीला आधी धरतो, तुम्ही इन्शुलिनला धरा. पण चरबी कुठे साठते हे वजनापेक्षा महत्त्वाचं, हे तर माझंच म्हणणं. मग फास्टिंग इन्शुलिनला पैसे कशाला? शिंप्याची टेप घ्या, कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. त्यापुढे गेलात तर शुगर आणि लिव्हर तपासून घ्या.

खडीसाखर

माझी कंबर ७८ होती तेव्हाच मान काळी पडली होती. तुमच्या टेपने मला घरी पाठवलं असतं.

सोलापूरकर एमडी

नसतं पाठवलं. मान बघितली असती. कॉलर जरा मागे सरकवायला डॉक्टरला पैसे पडत नाहीत.