कानात तेल: घालावं की घालू नये?

कोंडाजी:
टोपणनाव गमतीने घेतलेलं नाही. वय ४७, मुक्काम ठाणे. सहा वर्षं उजवा कान खाजतोय. ठणका नाही, पू नाही, ऐकू नीट येतं. नुसती खाज, आणि बोट घातलं की नखावर पांढरे पापुद्रे. काळ्या शर्टाच्या खांद्यावर पडतं ते डोक्यातलं की कानातलं, हे आता मलाही सांगता येत नाही. रात्री दिवा मालवला की खाज सुटते. बड्स, बायकोची आकड्याची पिन, स्कूटरची किल्ली, सगळं घालून झालं. किल्ली फिरवली की आधी स्वर्ग, मग खोकल्याची उबळ, मग दोन दिवस आग.

डॉक्टर म्हणाले कानाचा एक्झिमा, आणि थेंब दिले. पंधरा दिवस कान शांत, सोळाव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. आईने खोबरेल कोमट करून दोन थेंब सोडले, त्या रात्री ढाराढूर झोपलो, तेव्हापासून रोज रात्री तेच. हे डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी असं पाहिलं की मी कानात रॉकेल ओतलंय. माझं म्हणणं एवढंच: त्वचा कोरडी पडली, टाचेला लावतो तसं कानाला तेल लावलं, बिघडलं कुठे?

रातराणी:
+१. आमच्याकडे दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आजी सगळ्यांच्या कानात दोन-दोन थेंब सोडायची आणि वर कापसाचा बोळा. आजी ९१ वर्षं जगली, शेवटपर्यंत शेजारच्या घरातलं भांडण तिला ऐकू यायचं. हल्ली तेल म्हटलं की डॉक्टरांना शिंका येतात.

कानोसा:
रत्नागिरीत कान-नाक-घसा बघतो, त्यामुळे शिंक माझीच समजा.

कोंडाजी, टाच आणि कानाची नळी यात फरक आहे. नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. बाहेरच्या भागात केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी, आत हाडावर ताणून बसवल्यासारखी पातळ कातडी. ही कातडी स्वतःच हळूहळू आतून बाहेर सरकते आणि मळ घेऊन येते. मळ किंचित आम्लधर्मी असतो, जंतू-बुरशीला तो मानवत नाही. तुम्ही किल्लीने तो खरवडता, वर ओरखडे काढता. ओरखडा भरताना खाजतो, म्हणून पुन्हा किल्ली. खोकला का येतो? नळीच्या कातडीत व्हेगस नसेची फांदी आहे, घशाला जाते तीच नस.

आता तेल. डोक्यात कोंडा असणाऱ्याच्या कानात पापुद्रे दिसले की मला पहिला संशय मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचा येतो. ती आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असते, पण काहींची कातडी तिच्यावर चिडते. तिला स्निग्धांश स्वतः बनवता येत नाहीत, बाहेरून लागतात. प्रयोगशाळेत वाढवायची तर ताटलीत ऑलिव्ह तेल घालतात! तेलाने पापुद्रा मऊ होतो, खाज दबते, तुम्हाला झोप लागते. आणि तिचं जेवण होतं.

जून ते सप्टेंबर माझ्याकडे या आणि बघा. तेल, वर बोळा, बाहेर पाऊस. आत भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखी बुरशी, त्यावर काळे ठिपके. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात. लसूण कडकडीत तापवून घातलेल्या तेलाने भाजलेले कानही पाहिलेत.

कोंडाजी:
पटलं अर्धं. पण मग तुमच्या थेंबांनी सोळाव्या दिवशी का पाठ फिरवली? आणि त्यात स्टिरॉइड असतं, हे बाटलीवर भिंग धरून मीच वाचलं. तेल महिनाभर घातलं तर वाईट, स्टिरॉइड सहा वर्षं आलटून पालटून घातलं तर चांगलं?

कडकऊन:
कोंडाजींचा शेवटचा प्रश्न कुणी टाळू नका. मी नागपूरचा, त्याची किंमत मोजून बसलोय.

कानामागे आणि पाळीच्या भेगेत खाज. मेडिकलमधून ट्यूब आणली, 'सगळ्यावर चालते' म्हणाला. स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकात. लावली की थंड, थांबवली की दुप्पट. दोन वर्षांत कातडी कांद्याच्या सालीइतकी पातळ, खाली लाल शिरा दिसायला लागल्या. २०१८ साली सरकारने अशी स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. माझ्या गल्लीत अजून देतात, चिठ्ठी मागितलेली मी एकदाही पाहिली नाही.

पुढे त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पाठीवर पट्ट्या चिकटवून ॲलर्जीची तपासणी केली. निघालं काय? निओमायसिन. ट्यूबमधलं अँटिबायोटिक, तेच आधीच्या कानाच्या थेंबांतही होतं. औषधानेच खाज वाढत होती आणि मी अजून औषध घालत होतो. तेव्हा कानोसा, तेलाला शिव्या घाला, पण तुमच्या बाटल्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत.

आणि रत्नागिरीचा नियम नागपूरला लावू नका. इथे मे महिन्यात ४५ डिग्री, वर कूलरचा झोत. कान पापडासारखा वाळतो. मला पाळीवर आणि तोंडाशी बोटाने तेलाचा हात फिरवला की बरं वाटतं. बुरशी इथे यायला धजत नाही.

कानोसा:
निओमायसिनबद्दल पूर्ण सहमत. थेंबांनी कान बरा होण्याऐवजी लाल होऊन पाझरायला लागला तर आधी बाटलीवर संशय घ्यावा, हे आम्हीही विसरतो. पाळीवर तेलाच्या बोटाला माझी हरकत नाही. हरकत आत थेंब सोडण्याला. बाकी बुरशी नागपूरलाही पोचते, कूलरमध्ये पाणीच असतं.

स्टिरॉइडचं: उठाव आला की ठरलेले दिवस, मग बंद. सहा वर्षं 'आलटून पालटून' कुणी सांगितलं? सोळाव्या दिवशी परत येतं कारण मूळ डोक्यात आहे. म्हणजे केसांत. कीटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा, फेस पाळीवर आणि कानामागेही लावायचा, नळीत नाही. हा आजार मुळासकट जात नाही, आटोक्यात राहतो. हे ऐकलं की पेशंट दुसरा डॉक्टर शोधतो.

खडीसाखर:
वैद्य आहे, म्हणून मला तेलाच्या बाजूला गृहीत धरलं जाईल. धरू नका.

सुश्रुताने आपल्या संहितेच्या शेवटच्या भागात, उत्तरतंत्रात, कानाचे २८ रोग सांगितले, त्यात कर्णकंडू, म्हणजे हीच खाज, स्वतंत्र मोजली आहे. कारण काय दिलंय? कानात साचलेला कफ. तेल हे वाताचं औषध. कफाच्या खाजेवर स्निग्ध तेल ओतणं हे आमच्याही शास्त्रात बसत नाही. कर्णपूरण, म्हणजे कानात तेल भरणं, दिनचर्येत आहे, पण निरोगी कानासाठी. पाझरणाऱ्या, चिकट कानात नाही. लोक आजीचं नाव घेतात, आजी आयुर्वेदाचं घेते, ग्रंथ कुणीच उघडत नाही.

रातराणी:
म्हणजे आजी चुकली? सरळ म्हणा ना.

खडीसाखर:
आजी वर्षातून एकदा दोन थेंब घालत होती, तेही न खाजणाऱ्या कानात. कोंडाजी रोज रात्री घालताहेत. आजीचं बरोबर होतं हो, ताई.

लोकलपकड:
कोंडाजी, दोन प्रश्न. कानात ते रबरी टोकाचे इअरफोन कितीक तास असतात? आणि केस रंगवता का? माझ्या मेव्हण्याला काळ्या रंगातल्या रसायनाची ॲलर्जी होती, रंग लावला की दोन दिवसांनी कानाच्या कडा सुजायच्या. बहिणीचं वेगळंच, तिला खोट्या कानातल्यांतलं निकेल बाधायचं. तुम्ही सगळे आत भांडताय, कारण बाहेरही असू शकतं.

कोंडाजी:
(तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.) इअरफोन: लोकलमध्ये जाऊन-येऊन तीन तास, घामासकट. केस: रंगवतो, पण जेमतेम दोन वर्षं झाली, खाज त्याच्या आधीची. तरी या महिन्यात रंग लावला नाही. ऑफिसात तिघांनी तब्येत विचारली.

शाम्पू सुरू केला. किल्ली बायकोने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली आहे, स्कूटर काढताना मागावी लागते. खाज आहे, पण रोज नाही. डॉक्टर बदलले नाहीत, मात्र या वेळी थेंब कधी बंद करायचे ते चिठ्ठीवर लिहून घेतलं. तेल आत घालत नाही. तरीही माझं मत पूर्ण बदललेलं नाही: कडकऊन यांच्यासारख्या कोरड्या कानाला तेलाचं बोट लागतं, आणि डॉक्टरांनी 'नको' म्हणताना कारण सांगायला दोन मिनिटं काढावीत. कानोसांनी इथे सांगितलं तेवढं मला तिथे सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

रातराणी:
मी दिवाळीला घालणारच. दोन थेंब.

कानोसा:
एकदा पडदा तपासून घ्या, मग घाला. बोळा नको. आणि तान्ह्या बाळाच्या कानात अजिबात नाही.

रातराणी:
बाळाच्या नाही. मालिशवाल्या मावशींना कालच सांगितलं. त्या रुसल्यात.