मदत हवी आहे: विजेचा वापर मोजणारा, पण चुकून बंद न होणारा स्मार्ट प्लग

नमस्कार मंडळी,

फ्रिज, डीप फ्रीझर आणि राउटर-सर्व्हरचा एक छोटा संच, या तिघांचा वीजवापर वेगवेगळा मोजायचा आहे. घराच्या मीटरवर एकूण आकडा कळतो, त्यातलं कोण किती खातं ते कळत नाही. मला हवंय एवढंच: त्या क्षणाचे वॅट, रोजचे युनिट, आणि फ्रीझर बराच वेळ गप्प राहिला तर फोनवर सूचना.

चालू-बंद करायची सोय मला नकोच आहे, आणि घोडं तिथंच अडलंय. मोजणारे म्हणून मिळणारे बहुतेक प्लग मुळात चालू-बंद करण्यासाठीच बनवलेले असतात, मोजणी त्यात नंतर आलेली. म्हणजे मोजायच्या नादात मी फ्रीझरच्या वाटेत एक जास्तीचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवणार. तो ॲपवरून पडणार, बटणाला धक्का लागून पडणार, आणि कधी कधी आपल्या मर्जीनेही.

आतापर्यंत शोधलं त्यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते वीज जाऊन परत आल्यावर काय होतं, ते. काही प्लग 'आधी होता तसा' राहतात, काही कायम चालू होतात, काही चक्क बंदच राहतात. खोक्यावर वॅट आणि अँपिअर मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, ही गोष्ट मात्र कुठेच लिहिलेली नसते. 'आधी होता तसा' हेही मला पुरेसं वाटत नाही. कुणी चुकून बंद केला असेल तर तो इमानदारीत बंदच राहणार!

दुसरी शंका कॉम्प्रेसरची. सुरू होताना तो क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. प्लगवर १६ अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो आकडा साधारणपणे हीटरसारख्या लोडसाठी असतो, मोटरसाठी नाही. अशा झटक्याला प्लगचं ओव्हरलोड संरक्षण उडतं का?

घरातली स्मार्ट उपकरणं एका जागी चालवणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर घरच्या सर्व्हरवर वापरतो, त्यामुळे ॲप कुठलं यानं फरक पडत नाही. क्लाउडशिवाय, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरची गरज न पडता, चालणारं असेल तर उत्तम. रिले पूर्णपणे निकामी करता येतो का? की प्लगचा नाद सोडून दुसरंच काही बघू? जाणकारांनी सांगावं.

---

खटपट्या:

टासमोटा (प्लगच्या मूळ फर्मवेअरच्या, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरच्या, जागी टाकायचं मोफत फर्मवेअर) टाकता येईल असा प्लग घ्या, प्रश्नच मिटतो. त्यात पॉवरऑनस्टेट नावाची कमांड आहे. ० म्हणजे बंद, १ म्हणजे चालू, ३ म्हणजे शेवटची स्थिती. तुम्हाला हवा आहे ४: प्लगला वीज मिळाली की रिले चालू, आणि त्यापुढे चालू-बंद करण्याची सोयच काढून टाकलेली. ॲपवरून आज्ञा दिली तरी ऐकत नाही. मोजणी मात्र व्यवस्थित चालू राहते.

ईएसपीहोम (तसंच दुसरं फर्मवेअर) असेल तर रिस्टोअर मोड, म्हणजे वीज आल्यावरची स्थिती, 'ऑलवेज ऑन' ठेवा, स्विच 'इंटर्नल' करा म्हणजे होम असिस्टंटमध्ये तो दिसणारच नाही, आणि बटणाचा भाग कॉन्फिगरेशनमध्ये लिहूच नका. जे लिहिलंच नाही ते दाबलं जाणार कसं?

---

मीटरवाचक:

वरचं सगळं बरोबर, एक पुरवणी. बहुतेक प्लगमधला रिले कॉइलला करंट मिळतोय तोवरच चालू राहणारा असतो. त्यामुळे फर्मवेअर अपडेटनंतर प्लग रीस्टार्ट झाला की रिले क्षणभर सुटू शकतो. फ्रिजला ते परवडत नाही, कारण कॉम्प्रेसर थांबून लगेच सुरू होऊ पाहतो तेव्हा आत गॅसचा दाब अजून उतरलेला नसतो. तो अडखळतो आणि त्याचं स्वतःचं संरक्षण त्याला थोडा वेळ बंद करतं. सर्व्हरला तर क्षणभरही पुष्कळ झाला. तेव्हा आपोआप अपडेट बंद करून ठेवा आणि अपडेट हातानंच करा.

झिग्बीचा (वायफायऐवजी वेगळ्या बिनतारी जाळ्यावर चालणारा) प्लग घेतलात तर वीज आल्यावरच्या वर्तनाचं सेटिंग आणि चाइल्ड लॉक, दोन्ही आहेत का ते झिग्बी-टू-एमक्यूटीटीच्या (झिग्बी उपकरणं होम असिस्टंटला जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) यादीत आधी बघा. चाइल्ड लॉक फक्त अंगावरचं बटण अडवतं, ॲपवरची आज्ञा नाही. पुष्कळ जण इथे फसतात.

ओव्हरलोडचं म्हणाल तर सुरुवातीचा झटका इतका थोडा वेळ टिकतो की बहुतेक प्लग तेवढ्यात हलत नाहीत. खरी भीती उलटी आहे: असे झटके खाऊन रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटू शकतात. तुमच्या बाबतीत चिकटला तर चालूच राहील म्हणा, पण खराब संपर्क तापतो, आणि ते बंद पडण्यापेक्षा वाईट. पहिले काही दिवस प्लगला हात लावून बघत जा.

---

धागाकर्ता:

आभार दोघांचेही. पॉवरऑनस्टेट ४ माहीत नव्हतं. आवाजी सहायकाचं काय? घरात कुणी तरी 'सगळं बंद कर' म्हणतंच.

---

खटपट्या:

त्यासाठीच तर ४. पण तयार फर्मवेअर ठेवणार असाल तर होम असिस्टंटमध्ये त्या प्लगची स्विच एंटिटी (चालू-बंदची नोंद) डिसेबल करा, नुसती लपवू नका. मोजणीचे सेन्सर वेगळे असतात, ते चालू राहतात. आणि प्लगच्या मूळ ॲपला आवाजी सहायक जोडलेला असेल तर तिथूनही तो प्लग काढा, नाहीतर आज्ञा होम असिस्टंटला वळसा घालून जाईल.

---

पाटीपेन्सिल:

माझं मत वेगळं आहे. रिले नको असेल तर रिले नसलेलंच घ्या. शेली कंपनीच्या पीएम मिनी या छोट्या मीटरमध्ये रिलेच नाही, फक्त मोजणी; १६ अँपिअरपर्यंत चालतं. सॉकेटच्या मागे बसतं, पण बसवायला इलेक्ट्रिशियन लागेल, स्वतः उघडत बसू नका.

फ्रीझरला स्वतंत्र वायर आली असेल तर क्लॅम्पवालं मीटरही चालतं. वायर कापायची गरज नाही, नुसता चिमटा लावायचा. चिमटा मात्र एकाच वायरभोवती हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतले तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खातात आणि आकडा शून्य येतो. 'मीटर खराब निघालं' म्हणून परत पाठवणारे बरेचदा हेच करून बसलेले असतात. राउटरसारख्या बारीक लोडला क्लॅम्प नको, तेवढ्या कमी करंटला त्याचा भरवसा नाही.

अजून एक. तुमचा राउटर आणि होम असिस्टंटचा सर्व्हर एकाच स्मार्ट प्लगवर लावणार असाल तर नीट विचार करा. तो प्लग बंद झाला की वायफाय गेलं, होम असिस्टंटही गेलं. त्याला परत चालू व्हायची आज्ञा देणार कोण? त्या संचाचा वापर दिवसभर जवळजवळ सारखाच असतो. पडदा असलेलं साधं मोजमाप यंत्र आठवडाभर लावा, आकडा टिपून घ्या आणि काढून टाका. ४० वॅट सतत म्हणजे दिवसाला ०.९६ युनिट, त्यासाठी कायमचा प्लग कशाला?

---

मीटरवाचक:

हे पटलं. आणि सूचनेबद्दल: फ्रीझर गप्प आहे हे वॅटवरून ठरवणं दिसतं तितकं सोपं नाही. कॉम्प्रेसर थांबलेला असताना वापर शून्याजवळ असणं नेहमीचंच आहे. आधी काही दिवसांचा आलेख बघा, सगळ्यात लांब विश्रांती किती ते काढा, आणि सूचना त्याच्या बऱ्याच पुढे लावा. शिवाय वीजच गेली तर प्लगही मुका होतो, म्हणजे 'अनअव्हेलेबल' झाल्याचीही वेगळी सूचना हवी.

खरं तर फ्रीझरसाठी तापमानाचा सेन्सर लावा. प्लग, फ्यूज, दार उघडं राहणं, काहीही झालं तरी तापमानात ते दिसतंच. वायरचा प्रोब आत आणि सेन्सरची पेटी बाहेर असा घ्या. अख्खा सेन्सर आत ठेवलात तर थंडीनं त्याचा बटण-सेल ढेपाळतो आणि पत्र्याच्या खोक्यातून सिग्नलही नीट येत नाही.

---

धागाकर्ता:

ठरलं मग. फ्रीझरला रिले नसलेलं मीटर इलेक्ट्रिशियनकडून, सोबत प्रोबवाला तापमान सेन्सर. फ्रिजला टासमोटाचा प्लग, पॉवरऑनस्टेट ४ लावून. राउटर-सर्व्हरला तात्पुरतं मोजमाप यंत्र.

एकच शेवटचं विचारतो: टासमोटाच्या प्लगचे वॅट सुरुवातीला थोडे चुकतात असं वाचलंय. कॅलिब्रेशनला कुठला लोड वापरता?

---

खटपट्या:

जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब, ६० किंवा १०० वॅटचा. पॉवर फॅक्टर १ असतो, म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट थेट वॅट येतात, आकडा नाचत नाही. छापलेल्या वॅटवर जाऊ नका, कारण व्होल्टेज कमी-जास्त झालं की तेही बदलतात. शेजारी भरवशाचं मीटर लावून त्यावरचा आकडा टासमोटाच्या पॉवरसेट कमांडला द्या, आणि व्होल्टेज आधी व्होल्टेजसेट कमांडनं जुळवून घ्या. एलईडी बल्ब या कामाला घेऊ नका.