मदत हवी आहे: सोलापूरच्या उन्हात टिकतील असे अंगणातले दिवे कोणते?

नमस्कार मंडळी,

जुळे सोलापुरात आमचं बैठं घर आहे. दगडी जोतं, पुढे ओसरी, अंगणात तुळशीवृंदावन आणि एक मोठा कडुनिंब. आई रोज पहाटे अंधारातच फुलं तोडायला उतरते, म्हणून पायवाटेला दिवे लावायचेत.

दोन वर्षांपूर्वी प्लॅस्टिकचे सोलर दिवे आणले होते. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला आणि पहिल्याच उन्हाळ्यात प्लॅस्टिक पिवळं पडून तडकलं. बॅटरीही दुसऱ्या वर्षी तासाभरात मान टाकू लागली. उष्णतेने बॅटरी लवकर खराब होते हे तेव्हा ठाऊक नव्हतं. शिवाय पॅनेलवर धूळ इतकी बसते की आठवड्याला पुसावं लागतं.

आता १२ व्होल्टची वायर टाकून अ‍ॅल्युमिनियमचे किंवा पितळी दिवे घ्यावेत असं वाटतंय. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवाराही सोसतो, एवढं कळलं. पण पाण्याचा पाईप मारून अंगण धुतो, तर जमिनीत पुरायच्या दिव्याला आयपी ६७ (म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी आत पाणी न जाणारा) हवंच ना? घरची वीज १२ व्होल्टवर आणणारा ट्रान्सफॉर्मर ओसरीत सावलीला ठेवला तर चालेल का?

रंग २७०० केल्विनचा, पिवळसरच हवा. काळ्या दगडावर पांढराफटक उजेड मला अगदी परका वाटतो, आणि पावसाळ्यात पिवळ्यावर किडेही कमी येतात. कडुनिंबावर खालून झोत टाकू नये असं माझं मत आहे, पाखरं झोपतात तिथे.

सोलापूर, पंढरपूर, विजापूर भागात कुणी असे दिवे तीन-चार उन्हाळे वापरलेत का? कोणत्या धातूचे टिकले, ते कृपया सांगा.