ए-लेव्हल इंग्लिश लिटरेचर घरबसल्या करायचंय (वय ४१) – सल्ला हवा

मिरजमळा

नमस्कार मंडळी. मी मूळची मिरजेची, गेली चौदा वर्षं इंग्लंडात, लेस्टरला. बारावी आर्ट्स, मराठी माध्यम. एफ.वाय.ला असताना लग्न ठरलं आणि कॉलेज तिथेच राहिलं. सध्या एका प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट आहे.

मागच्या वर्षी लेकीच्या जीसीएसईचा (इथली दहावी म्हणा) अभ्यास घेता घेता (खरं तर तिनेच माझा घेतला) तिच्या कवितांच्या पुस्तकात मीच अडकले. ती झोपली की मी समासात पेन्सिलीने खरडत बसायचे. परीक्षा संपल्यावर तिने ते पुस्तक रद्दीत टाकायला काढलं आणि मी ते गुपचूप कपाटात लपवलं.

तर आता ए-लेव्हल (इथली बारावी म्हणा) इंग्लिश लिटरेचर करायचं डोक्यात आहे, पुढे जमलं तर बी.ए. नवऱ्याच्या शिफ्ट्समुळे संध्याकाळी कॉलेजला जाणं शक्य नाही, म्हणून डिस्टन्स लर्निंग. गूगलवर ढीगभर जाहिराती आहेत. सगळीकडे तीच लॅपटॉपपुढे हसणारी बाई, पण एकाची फी दुसऱ्याच्या तिप्पट. कोणी केलंय का हे? कोर्स निवडताना काय बघायचं? आणि मराठी माध्यमातल्या बाईला झेपेल का? खरं सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

टेम्सकाठचा_गोंधळी

वाईट वाटून घेणार नाही म्हणणारे सगळ्यात आधी वाईट वाटून घेतात, असा आमचा अनुभव. :) पण करा ताई, नक्की करा. धाग्यावर लक्ष ठेवून आहे, बायकोही हेच म्हणतेय.

अर्धवट_वाचक

मी तीन वर्षांपूर्वी प्रायव्हेट कँडिडेट म्हणून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, ही परीक्षा दिली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फी, ट्यूटर, व्हिडिओ हे सगळं नंतर. कोर्सवाल्यांना पहिला प्रश्न एकच विचारायचा: "कोर्सवर्कवर सही कोण करणार?" गणितासारख्या विषयात बाहेरून परीक्षा देणं सोपं आहे. परीक्षा केंद्र शोधा, फी भरा, पेपर लिहून या. लिटरेचरचं तसं नाही. इंग्लंडमधल्या ए-लेव्हलला २० टक्के मार्क कोर्सवर्कचे असतात, त्याला एनईए म्हणतात. एक्यूए या परीक्षा बोर्डाच्या स्पेसिफिकेशन ए मध्ये (म्हणजे अभ्यासक्रम ए) दोन पुस्तकांची तुलना करणारा २५०० शब्दांचा एक निबंध असतो आणि त्यातलं एक पुस्तक १९०० च्या आधीचं लागतं. हा निबंध तुम्हीच लिहिलाय हे एखाद्या शिक्षकाने वेळोवेळी काम पाहून प्रमाणित करावं लागतं, आणि मार्क मान्यताप्राप्त केंद्रामार्फतच बोर्डाकडे जातात.

मी हे न विचारता पैसे भरले. पहिलं वर्ष संपताना कळलं की ते फक्त शिकवणार, एनईएचं "उमेदवाराने स्वतः बघावं". कराराच्या सातव्या पानावर बारीक अक्षरात होतं तसं. मग मी केंद्रांना फोन करत सुटलो. प्रायव्हेट कँडिडेट घेतो म्हणणारी पुष्कळ, पण एनईए म्हटलं की "सॉरी". न शिकवलेल्या माणसाच्या निबंधाची हमी कोण देणार? त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. शेवटी घरापासून दोन तासांवरचं एक केंद्र तयार झालं, पण त्यांच्या शिक्षकाच्या तासांचे पैसे वेगळे. स्वस्त कोर्स शेवटी महागात पडला.

जेसीक्यूच्या (परीक्षा बोर्डांची संयुक्त संस्था) साइटवर प्रायव्हेट कँडिडेट घेणाऱ्या केंद्रांचा शोध आहे, सुरुवात तिथून करा. उन्हाळ्याच्या परीक्षेची नोंदणी २१ फेब्रुवारीपर्यंत, नंतर लेट फी. परीक्षा वर्षातून एकदाच, मे-जूनमध्ये. चुकली की वर्ष गेलं. एक बरं आहे, पुन्हा बसायची वेळ आली तर एनईएचे मार्क पुढे नेता येतात.

पुणेरी_पाटी

मुळात ए-लेव्हल कशाला? बी.ए. करायचंय ना, मग थेट ओपन युनिव्हर्सिटी. पदवीला प्रवेशाची अट नाही, बारावीचं मार्कशीट कोणी मागत नाही. वर्षाला ६० क्रेडिट घेतले तर पदवीचे ३६० व्हायला सहा वर्षं. शाळेची परीक्षा देऊन मग कॉलेज, हे सोळाव्या वर्षी ठीक आहे.

शेवगाशेंग

पाटीकाकांचा सूर नेहमीचाच, पण मुद्दा खोटा नाही. तिसरा रस्ताही आहे: ॲक्सेस टू हायर एज्युकेशन डिप्लोमा. मी हाच केला. ६० क्रेडिटचा कोर्स, साधारण वर्षभरात होतो, घरूनही करता येतो, बहुतेक सगळं असाइनमेंटवर. वय १९ च्या पुढे असेल आणि इथल्या वास्तव्याच्या अटीत बसत असाल तर ॲडव्हान्स्ड लर्नर लोन मिळतं, आणि पुढे पदवी पूर्ण केली की त्या लोनची उरलेली रक्कम माफ होते. माझी झाली.

एक गोंधळ टाळा: ओपन युनिव्हर्सिटीचंही "ॲक्सेस मॉड्यूल" आहे, पण ते त्यांच्याच पदवीच्या तयारीसाठी. हा डिप्लोमा वेगळा. मी नावामुळे फसून दोन आठवडे भलताच फॉर्म भरत बसले होते.

आणि नुसती एकच ए-लेव्हल करून प्रवेश मिळेल असं धरू नका. यूकासच्या (विद्यापीठ प्रवेश बघणारी संस्था) हिशेबात ए ग्रेडला ४८ पॉइंट, बी ला ४०. शाळेतली मुलं तीन विषय घेऊन येतात. मोठ्या वयाच्या अर्जाकडे बरीच विद्यापीठं वेगळ्या नजरेने बघतात, पण ते आधी ईमेलवर लेखी विचारून घ्या. बारावीचं प्रमाणपत्रही कपाटातून काढा. यूके एनिककडून त्याची इथली तुलना करून मिळते.

मिरजमळा

बाप रे, किती माहिती! सगळ्यांचे आभार. पाटीकाका, तुमचं पटतंय. पण खरं सांगू का, पदवी मिळो न मिळो, मला ती परीक्षा द्यायची आहे. लेकीने दिली तशी, हॉलमध्ये बसून, घड्याळ लावून. हे वेडेपणाचं वाटत असेल तर वाटू दे.

लिहिण्याची भीती मात्र आहे. नमुन्यादाखल एका कवितेवर दोन पानं लिहिली. लेक म्हणाली, "आई, यू जस्ट टोल्ड द स्टोरी."

खडूची_धूळ

लेक हुशार आहे. मी इंग्लंडातल्या सेकंडरी शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त. मीही मराठी माध्यमाचाच, सोलापूरचा, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवा: अडचण इंग्रजीची नसते, सवयीची असते.

आपल्याकडे गाईड वाचून वाढलेली पिढी. "कवीला काय म्हणायचे आहे?" या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर असतं आणि ते सरांकडे असतं. इथे मार्क पाच उद्दिष्टांवर देतात, एओ१ ते एओ५. त्यातलं पाचवं म्हणजे या मजकुराचे वेगवेगळे अर्थ कसे लागतात. एकच उत्तर पाठ करून आलेला विद्यार्थी तिथेच अडतो. दुसरं उद्दिष्ट, म्हणजे अर्थ घडवला कसा, हे आपण शाळेत रसग्रहण नावाने केलेलं आहे. फक्त आपलं रसग्रहण "कवीने सुंदर उपमा वापरली आहे" इथे संपायचं. इथे त्यानंतरच्या वाक्याला मार्क आहेत.

एक उदाहरण. एक्यूएच्या प्रेमकवितांच्या संग्रहात जॉन डनची पिसवेवरची कविता आहे. पिसू आधी त्याला चावते, मग तिला, आणि हा गडी म्हणतो, बघ, आपलं रक्त तिच्या पोटात एकत्र आलंच आहे, आता कसला संकोच? गोष्ट सांगायची तर तीन ओळीत संपली. आता विचारा: ती बाई कवितेत स्वतः एक शब्दही बोलत नाही, पण दोन कडव्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत ती पिसू चिरडून टाकते. मग जिंकलं कोण? शेवटचं कडवं म्हणजे हुशारी की हरलेल्या माणसाची धडपड? इथून तुमचा निबंध सुरू होतो. लावणीतला सवाल-जवाब ऐकून मोठ्या झालेल्या माणसाला हे परकं वाटू नये.

शेक्सपिअरमध्ये ऑथेल्लोचा पर्याय असलेला कोर्स मिळाला तर घ्या. देवलांचं 'झुंजारराव' त्यावरूनच बेतलेलं. मी वर्गात जाण्याआधी ते वाचायचो. देवलांनी काय बदललं हे बघितलं की मूळ नाटकातल्या जागा दिसायला लागतात. उत्तरात देवल लिहायचे नाहीत हं, परीक्षकाला काय कळणार!

वेळेचा अंदाज: शाळेत या विषयाला दोन वर्षांत ३६० तास धरतात. घरी शिकताना ते कोणी मोजत नाही, म्हणून तुम्ही मोजा. दर आठवड्याला वेळ लावून एक उत्तर लिहा. पेपर एक तीन तासांचा आणि त्यात तीन उत्तरं, म्हणजे एका उत्तराला एक तास. जुने पेपर, मार्क स्कीम आणि परीक्षकांचे अहवाल बोर्डाच्या साइटवर फुकट आहेत. अहवाल जरूर वाचा. मुलं कुठे घसरतात ते त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि मी शिकवलेलीच मुलं असावीत असं दर वर्षी वाटायचं.

अर्धवट_वाचक

+१ परीक्षकांच्या अहवालांना. माझ्या पहिल्या उत्तराला ट्यूटरने २५ पैकी ९ दिले होते. शेरा होता: "हू इज स्पीकिंग हिअर, यू ऑर द स्टडी गाइड?"

नीरा_नरसिंहपूर

माझ्या भाच्याने केंब्रिज इंटरनॅशनल या दुसऱ्या बोर्डाचं ए-लेव्हल लिटरेचर केलं, त्यात कोर्सवर्कच नाही. प्रत्येकी दोन तासांचे चार पेपर, बस्स. ९६९५ हा कोड. सहीची भानगड नको असेल तर तो पर्याय बघता येईल, फक्त जवळपास कोणतं केंद्र घेतं ते आधी शोधावं लागेल. मी भारतात आहे, तिकडची केंद्रं मला माहीत नाहीत.

पुणेरी_पाटी

परीक्षाच द्यायची हौस असेल तर वाद संपला. हौसेला मोल नसतं, फी मात्र असते. कोर्सची वेगळी, केंद्राची वेगळी. दोन्ही लेखी घ्या.

मिरजमळा

तीन आठवड्यांनी येतेय, माफी असावी.

चार कोर्सवाल्यांना तोच एक प्रश्न पाठवला. दोघांकडून उत्तर नाही. एकाने फोन करून वीस मिनिटं माझ्या स्वप्नांबद्दल विचारपूस केली, पण सही कोण करणार ते काही सांगितलं नाही. चौथ्याने दोन ओळींचं ईमेल पाठवलं: एनईए फीमध्ये धरलेलं आहे, तीन टप्प्यांवर ट्यूटर पाहणार, अमुक केंद्र मार्क पाठवणार. फी त्यांचीच जास्त आहे. नवरा म्हणाला, आपला स्वयंपाकघराचा ओटा पुढच्या वर्षी. पैसे भरले. केंद्र ट्रेनने पाऊण तासावर आहे. (नीराताई, केंब्रिजचंही विचारलं, जवळ कुणी घेत नव्हतं.)

एक्यूए ए, आणि शेक्सपिअर ऑथेल्लोच आहे! आता एकच विचारते: पुस्तकं सेकंडहँड घेतली तर चालतील ना?

खडूची_धूळ

अभ्यासाला हवी तशी घ्या, मागच्या कुणाच्या नोट्स वाचायला मजा येते. पण पेपर दोन आणि पेपर एकचा शेवटचा भाग ओपन बुक आहे. तिथे न्यायची प्रत कोरी लागते, समासात एक टिंबही नको. त्या पुस्तकांची एकेक नवी प्रत घ्या आणि लेकीच्या कपाटात ठेवा. पेन्सिलीपासून लांब.

मिरजमळा

कुलूपच लावते.